मातीत काय मिसळावे, काय नको

प्रश्न : बागेतली माती फार चिकट आहे. पावसात चिखल होतो, उन्हात भेगा पडतात. वाळू मिसळू का?

उत्तर : नको. थोडीशी वाळू घातली तर चिकणमातीचे बारीक कण वाळूच्या दाण्यांमधल्या पोकळ्या भरून काढतात आणि सुकल्यावर वाफा विटेसारखा कडक होतो. खरा फरक पडायला निम्म्याहून जास्त वाळू लागते, म्हणजे जवळपास मातीच बदलायची. त्यापेक्षा चांगल्या कुजलेल्या कंपोस्टचा ५ ते ७ सेंटीमीटरचा थर पसरा आणि वरच्या १५-२० सेंटीमीटर मातीत मिसळा. सूक्ष्मजीव ते खाताना जे चिकट द्रव्य सोडतात, त्याने मातीचे कण एकमेकांना धरून रवाळ होतात. त्या रव्यांमधून पाणी मुरते, मुळांना हवा मिळते. ही घडण टिकत नाही, म्हणून पुढच्या वर्षांत थोडे थोडे कंपोस्ट देत राहावे लागते. आणि खणाई वापसा आल्यावरच, म्हणजे माती ओलसर पण हाताला चिकटणार नाही इतपत सुकल्यावरच करा. चिकणमाती ओली असताना खणणे किंवा तुडवणे हे तिचे सर्वांत मोठे नुकसान आहे. वर्षभराची मेहनत त्यात जाते.

प्रश्न : महिन्यापूर्वी वाफ्यात लाकडाचा भुसा मिसळला. आता मिरचीची खालची पाने पिवळी पडताहेत. रोग असेल का?

उत्तर : बहुधा नत्राची (नायट्रोजनची) उपासमार आहे. भुशात नत्राच्या शेकडो पट कार्बन असतो. तो कुजवणाऱ्या जिवाणूंना मात्र २५-३० पटीचा आहार मानवतो, म्हणून कमी पडलेले नत्र ते मातीतून ओढून घेतात. नत्र मातीतच राहते, पण झाडाच्या वाट्याला येत नाही. लिटरभर पाण्यात २ ग्रॅम युरिया विरघळवून ओल्या मातीत द्या, किंवा पेंड घाला. पेंडीचा परिणाम सावकाश दिसेल. यापुढे भुसा आच्छादन म्हणून वरच पसरा. तिथे तो सहसा त्रास देत नाही.

प्रश्न : जिप्समने कोणतीही कडक माती मोकळी होते, हे खरे का?

उत्तर : कोणतीही नाही, मुख्यतः चोपण माती. तिच्यात सोडियम जास्त असल्याने कण विखुरतात आणि पाणी मुरत नाही. जिप्सममधले कॅल्शियम सोडियमची जागा घेते. मग सुटलेला सोडियम भरपूर पाण्याने खाली धुऊन जावा लागतो. निचरा नसेल तर जिप्सम वाया जाते. आधी माती तपासून घ्या.

प्रश्न : टोमॅटोची टोके काळी पडतात. अंड्याची टरफले आणि एप्सम मीठ घालू?

उत्तर : दोन्ही नको. फळाला कॅल्शियम पोहोचत नाही, हे खरे. पण बहुतेक वेळा ते मातीत असते; पाणी कधी कमी, कधी जास्त मिळाल्याने वर चढत नाही. टरफले फार हळू विरघळतात. एप्सम मिठातले मॅग्नेशियम तर कॅल्शियमच्या शोषणात आडवे येते. बुंध्याभोवती आच्छादन करा, पाण्याच्या पाळ्या नियमित ठेवा. काळी पडलेली फळे सुधारणार नाहीत, ती तोडून टाका. नवी फळे बघा.