व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याबरोबर असलेल्या श्वानांचे पुढे काय झाले?

त्यांच्यापैकी बहुतेक परत आलेच नाहीत. सुमारे ४,००० श्वान त्या युद्धात सेवेत होते आणि मायदेशी परतले ते जेमतेम २००. बाकीचे सगळे लढाईत मेले, असे मात्र नाही. काही गोळ्यांना, सुरुंगांना आणि रोगराईला बळी पडले. पण सैन्य माघारी निघाले तेव्हा धडधाकट असलेले कित्येक श्वान दक्षिण व्हिएतनामच्या सैन्याच्या हवाली करण्यात आले किंवा इंजेक्शन देऊन मारण्यात आले. सरकारदप्तरी त्यांची नोंद सैनिक म्हणून नव्हती, साहित्य म्हणून होती. हा प्रकार वाचून माझे मन आजही विषण्ण होते.

या ‘साहित्याचे’ काम कसे होते ते पाहा. टेहळणीचा श्वान तुकडीच्या सर्वांत पुढे चाले आणि जंगलात दबा धरून बसलेल्या माणसाचा वास वाऱ्यावर आला, तरी तो भुंकत नसे. तो नुसता थबके, कान टवकारी, मानेवरचे केस फुलवी. प्रत्येक श्वानाची इशारा देण्याची रीत निराळी, त्यामुळे त्याच्या हँडलरला, म्हणजे त्याला सांभाळणाऱ्या सैनिकाला, ती पाठ असावी लागे. मागून येणाऱ्या साऱ्यांचे प्राण त्या एका हालचालीवर अवलंबून असत.

सायगावजवळच्या तान सोन न्हुत हवाई तळावर डिसेंबर १९६६ मध्ये निमो नावाच्या जर्मन शेफर्डच्या डोळ्याजवळ गोळी लागली. तशा अवस्थेतही तो हल्लेखोरांवर तुटून पडला, नंतर सरपटत आपल्या जखमी हँडलरपाशी गेला आणि त्याच्या अंगावर आडवा पडून राहिला. मदतीला आलेल्या माणसांनाही तो जवळ येऊ देईना. दोघेही वाचले. निमोचा एक डोळा गेला, पण १९६७ मध्ये त्याला सन्मानाने परत आणण्यात आले. ते भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला आले.

मला अधिक खटकते ते असे की, याआधी हेच सैन्य वेगळे वागले होते. दुसऱ्या महायुद्धात अनेक कुटुंबांनी आपले पाळीव कुत्रे सैन्याला दिले होते, आणि युद्ध संपल्यावर माणसांत पुन्हा मिसळण्याचे शिक्षण देऊन त्यांतले कितीतरी घरोघरी पोहोचवण्यात आले. १९४४ मध्ये ग्वाम बेटावर कामी आलेल्या २५ श्वानांचे तिथे स्मारकही आहे. म्हणजे श्वानांना परत आणणे अशक्य होते, ही सबब टिकत नाही; व्हिएतनामच्या वेळी त्यांची वाट पाहणारे घर नव्हते, एवढाच काय तो फरक.

निवृत्त श्वानांना दत्तक देण्याची मुभा देणारा कायदा अमेरिकेत २००० साली झाला. तो रॉबी या लष्करी श्वानाच्या नावाने ओळखला जातो. रॉबीला त्याचा जुना हँडलर घरी नेऊ इच्छित होता; प्रत्यक्षात ते घर रॉबीला कधीच पाहायला मिळाले नाही.