आधी पासपोर्ट काढा, सिंगापूरचं मागून बघू

प्रश्न : माझी मुलगी कोल्हापुरातच मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, वय 20. कॉलेजनं सिंगापूर-मलेशियाची पाच दिवसांची ‘औद्योगिक भेट’ काढलीय, खर्च 95 हजार. महिनाअखेर पासपोर्ट नंबर द्या म्हणतात. आमच्या घरातलं कुणी आजवर परदेशी गेलेलं नाही. मिस्टर शिरोलीत फौंड्रीत आहेत. पुढच्या महिन्यात माझी भिशी लागतेय, ते पैसे घालावेत असं वाटतं. सासूबाई म्हणतात, लग्न झालं की नाव बदलणारच, मग आत्ता पासपोर्ट कशाला आणि दारात पोलीस कशाला? जानेवारीत ती इंटर्नशिपला पुण्याला जाणार आहे. धाकटा तेरा वर्षांचा आहे, त्याचाही सोबत काढावा का?
– एक आई, राजारामपुरी

उत्तर : ताई, सहलीला जायचं की नाही हे ठरल्यावर पासपोर्टचं बघू, असा तुमचा हिशेब दिसतो. मी उलटं सांगेन. सहल होवो न होवो, पोरीचा पासपोर्ट आत्ताच काढा. 36 पानी पुस्तिकेची फी 1500 रुपये आणि मुदत 10 वर्षं. ऐन वेळी तत्काळमध्ये गेलात तर वर आणखी 2000. जर्मनीत किंवा कॅनडात पुढं शिकायचं म्हटलं तर आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेलाच पासपोर्ट दाखवावा लागतो. म्हणजे विमान दूरच, आधी परीक्षेच्या दारातच अडकायला होतं.

माझ्याकडे येणारा एक मुलगा इथल्याच एका कारखान्यात लागला होता. नवीन मशीन येणार, तिचं ट्रेनिंग परदेशात, तीन आठवड्यांत निघायचं. साहेबांनी विचारलं, ‘पासपोर्ट आहे?’ नव्हता. तत्काळ करू म्हटलं तर आधारवर नाव एक आणि दाखल्यावर दुसरं. त्याच्या जागी शेजारच्या टेबलावरचा गेला.

खरी मेख या नावातच असते. आपल्याकडचं चौगुले आडनाव घ्या. आधारवर ‘सी-एच-ओ-यू’, मार्कलिस्टवर ‘सी-एच-ए-यू’, आणि बँकेत शेवटी ‘ले’ की ‘ली’ ते त्या दिवशी काउंटरवर कोण बसलं होतं त्यावर! तेव्हा आज संध्याकाळी स्वयंपाक उरकला की पोरीचं आधार, दहावीचं सर्टिफिकेट आणि शाळा सोडल्याचा दाखला ओट्यावर शेजारी शेजारी मांडा आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. जन्मतारीखही. फरक निघाला तर आधी तो दुरुस्त करा, मग फॉर्म. फॉर्ममध्ये आडनावाचा रकाना वेगळा असतो. तिचं नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही पहिल्या रकान्यात जातात. हे चुकलं की पुढं व्हिसा, तिकीट, सगळीकडे तेच चुकलेलं नाव फिरतं. दहावीचं सर्टिफिकेट जोडायला विसरू नका. त्यामुळे पासपोर्टवर ‘ईसीआर’चा शिक्का टळतो. तो असला की आखाती देशांत नोकरीला जाताना वेगळी परवानगी काढावी लागते.

फॉर्म सरकारी साइटवरच भरा. पत्त्यात ‘पासपोर्टइंडिया’ आणि शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, बघून घ्या. तशाच दिसणाऱ्या भलत्या साइटही आहेत. आपलं पासपोर्ट कार्यालय पुण्याचं असलं, तरी आता पुण्याला खेटे घालायला नकोत. कोल्हापुरात पोस्टाचं सेवा केंद्र आहे, तिथलीच वेळ घ्या. मूळ कागद न्या. फोटो तिथंच काढतात.

जानेवारीच्या आत करा म्हणतो ते पोलीस पडताळणीसाठी. पोरगी सध्या राहते त्या पत्त्यावर ती होते. आज घरी आहे, शेजारीपाजारी ओळखतात, काम सोपं. पुण्यात गेल्यावर रूमचा पुरावा द्या, वर्षभरात कुठं कुठं राहिलात ते सांगा, हे सगळं आलं. सासूबाईंना सांगा, पोलीस येतो तो पत्ता आणि रेकॉर्ड बघायला, पोरीनं काही केलं म्हणून नव्हे. नावावर कोर्टात केस चालू असेल तर अडचण. मिरवणुकीच्या भांडणातल्या केसेस पोरं विसरतात, फॉर्म विसरत नाही. तुमच्या लेकीला तो प्रश्न नसावा. राहिलं लग्नाचं. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. तिला हवं असेल तर तेव्हा नवा करून मिळतो. होणाऱ्या आडनावासाठी आत्ताचं काम अडवू नका.

धाकट्याची घाई नको. त्याचा पासपोर्ट जास्तीत जास्त पाच वर्षंच चालेल, आणि जायचं तर कुठंच ठरलेलं नाही.

आता ते 95 हजार. कॉलेजकडून दिवसवार कार्यक्रम लेखी मागा. कारखान्यात किती तास, कुठला कारखाना, काय दाखवणार? पाच दिवसांत एकच भेट आणि बाकी सेंटोसा, पेट्रोनास टॉवर आणि खरेदी असेल, तर ती सहल आहे. सहलीत वाईट काही नाही, पण तिला सहलच म्हणा. मुलाखतीत त्यावर कुणी नोकरी देत नाही. तिच्या वडिलांबरोबर चार शनिवार फौंड्रीत उभी राहिली, मोल्ड का फुटतो, कास्टिंगला भोकं का पडतात हे डोळ्यांनी पाहिलं, तर मुलाखतीत जास्त बोलता येईल. पतसंस्थेचं कर्ज काढून तर अजिबात पाठवू नका. भिशीचे पैसे तुमचे आहेत, तुम्ही ठरवा. मी तुमच्या जागी असतो तर पासपोर्टचे 1500 आज वेगळे काढले असते आणि भिशीचे तिच्या पुण्याच्या रूमच्या डिपॉझिटसाठी ठेवले असते.

कॉलेजनं कार्यक्रमाचा कागद दिला तर मला पाठवा, वाचून कळवतो.