काठिण्य निर्देशांक जास्त, म्हणजे प्रश्न सोपा?

विचारणा अशी आहे : परिचारिका-प्रसाविकांच्या परवाना परीक्षेतल्या प्रश्नविश्लेषणाचं, म्हणजे उत्तरांवरून प्रत्येक प्रश्न कसा ठरला हे तपासण्याचं, मराठीकरण करताना ‘डिफिकल्टी इंडेक्स’ला काठिण्य निर्देशांक आणि ‘डिस्क्रिमिनेशन इंडेक्स’ला भेदभाव निर्देशांक म्हटलं तर चालेल का?

पहिला शब्द रूढ आहे, पण फसवा. हा आकडा बरोबर उत्तरांचं प्रमाण सांगतो. 0.90 आला तर दहातल्या नऊ जणींना उत्तर आलं, म्हणजे प्रश्न सोपा. आकडा चढतो तसं काठिण्य उतरतं! खोट मूळ इंग्रजी नावातच आहे. ती आपण कशाला उचलायची? सुलभता निर्देशांक म्हणावं. ‘काठिण्य पातळी’ हा बी.एड.वाल्यांचा शब्द प्रश्नपत्रिका काढतानाच्या सोपे-मध्यम-कठीण वाटणीसाठी राहू द्या.

भेदभाव मात्र नकोच. इथे जाणती आणि कच्ची उमेदवार वेगळी ओळखू येते का, एवढंच पाहायचंय. म्हणून ‘भेदकता’. एकूण गुणांनुसार यादी लावून वरचे आणि खालचे 27 टक्के घेतात. 370 उमेदवार असतील तर दोन्हीकडे साधारण 100. वरच्या गटात 80 आणि खालच्या गटात 40 उत्तरं बरोबर असतील, तर सुलभता 120 भागिले 200, म्हणजे 0.60, भेदकता दोन गटांतला फरक (80 वजा 40) भागिले 100, म्हणजे 0.40. प्रश्न उत्तम. भेदकता 0.20च्या खाली गेली तर प्रश्न दुरुस्तीला काढावा. उणे आली, म्हणजे खालच्या गटाचीच उत्तरं जास्त बरोबर आली, तर आधी उत्तरसूची तपासावी.

उत्तरसूची बरोबर निघाली, तर खोट बहुधा वाक्यात असते. ‘बाळंतपणानंतर पहिल्या तासात कोणतं इंजेक्शन द्याल?’ पर्यायांत ऑक्सिटोसिन 10 युनिट आणि व्हिटॅमिन के 1 मिलिग्रॅम, सूचीत ऑक्सिटोसिन. पण द्यायचं कुणाला, आईला की बाळाला? घोकून आलेली बिनधास्त ऑक्सिटोसिनवर खूण करते. जाणतीला ठाऊक असतं की ते मिनिटभरात द्यायचं. ‘पहिल्या तासात’ वाचून ती बाळाला द्यायच्या व्हिटॅमिन केकडे वळते आणि गुण गमावते. ‘बाळ जन्मल्यावर मिनिटभरात, रक्तस्राव टाळण्यासाठी आईला’ एवढं लिहिलं की घोळ मिटला.

असले प्रश्न आधीच गाळायचे तर नवा प्रश्न गुण न देता आजमावावा. एनक्लेक्स या अमेरिकेच्या परिचारिका परवाना परीक्षेत असे 15 प्रश्न असतात आणि ते कोणते हे उमेदवाराला कळत नाही.

भेदभाव हा शब्दही वाया जाणार नाही. कौशल्य सारखंच, तरी निव्वळ भाषेमुळे एका माध्यमाच्या मुली एखाद्या प्रश्नात मागे पडत असतील, तर तो खराखुरा भेदभाव. तोही मोजतात, पण वेगळ्या पद्धतीने.