एका फलकावर दोन लिप्या

प्रश्न : खानापुरात माझे फ्लेक्स छपाईचे दुकान आहे. कन्नड आणि मराठी मजकुराचा फलक नेहमी गिचमिड दिसतो. ग्राफिक डिझाइनचा पाया कसा शिकावा? – एक वाचक

उत्तर : सुरुवात सॉफ्टवेअरपासून न करता कागद-पेन्सिलीपासून करावी. आपण पाठवलेल्या हळदीकुंकवाच्या फलकावर चार फॉन्ट आणि अकरा छायाचित्रे आहेत. कार्यक्रमाची वेळ मात्र शोधावी लागते. (छायाचित्रे कमी करणे हे डिझाइनपेक्षा गावकीचे काम आहे, हे आम्ही जाणतो.) वाचकाने आधी काय पाहावे हे ठरवून तो क्रम अक्षरांचा आकार, जाडी आणि मोकळी जागा यांतून दाखवावा.

गिचमिडीचे मूळ मात्र लिप्यांच्या बांधणीत आहे. देवनागरी अक्षरे शिरोरेषेला लटकतात. कन्नडमध्ये अखंड शिरोरेषा नसते आणि जोडाक्षरातील दुसरे व्यंजन खाली उतरते. ‘अण्णा’ लिहिताना मराठीत दोन्ही ‘ण’ शेजारी बसतात, तर कन्नडमध्ये दुसरा पहिल्याच्या पायाशी जातो, त्यामुळे मराठीला पुरणारे ओळींमधील अंतर कन्नडला अपुरे पडते. ते कन्नडच्या मापाने ठेवावे, नोटो सान्ससारखा दोन्ही लिप्यांत उपलब्ध असलेला फॉन्ट घ्यावा आणि आकाराची बरोबरी आकड्यावरून न करता, छापून, दहा पावले मागे जाऊन डोळ्यांनी करावी.