'इम्प्लिसिट' म्हणजे अस्पष्ट नव्हे

कोथरूडमधील एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, 'इम्प्लिसिट' हे इंग्रजी विशेषण रोजच्या वाक्यांत कसे वापरावे आणि त्याचा अर्थ 'अस्पष्ट' असा घेतला तर चालेल काय. त्यांनी लिहिलेल्या एका टिपणावर कचेरीतील वरिष्ठांनी 'डोन्ट बी सो इम्प्लिसिट' असा शेरा मारला, त्यावरून हा प्रश्न निघाला. 'अस्पष्ट' हा अर्थ चालणार नाही आणि तो शेराही चुकीचा आहे. हिंजवडीपासून खराडीपर्यंतच्या कचेऱ्यांत वावरणारी मंडळी हा शब्द 'मोघम' या अर्थाने इतक्या सर्रास वापरू लागली आहेत की, तो कानावर पडला की मला दर वेळी थांबून दुरुस्ती सांगावीशी वाटते.

'न बोलता सुचवलेले' हा त्याचा सर्वसाधारण अर्थ कोणत्याही कोशात मिळेल, म्हणून त्यावर थांबत नाही. खरा आनंद आहे तो व्युत्पत्तीत. लॅटिनमध्ये 'प्लिकारे' म्हणजे घडी घालणे आणि 'इम्प्लिकारे' म्हणजे घडीच्या आत घेणे, गुंडाळणे. त्यावरून झालेले 'इम्प्लिकितुस' हे रूप फ्रेंचमार्गे सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आले. घडी मोडून कापड पसरले की ते 'एक्सप्लिसिट', म्हणजे उघड मांडलेले, झाले. एका घडीचे ते 'सिंपल', दोन घड्यांचे ते 'डुप्लिकेट', लोकरीच्या धाग्याचा एकेक पदर म्हणजे 'प्लाय', आणि लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानांत साडीच्या ज्या निऱ्या घालून दाखवतात त्यांना इंग्रजीत 'प्लीट' म्हणतात, तो शब्दही याच कुळातला आहे. युरोपातील जुन्या हस्तलिखितांच्या शेवटी 'एक्सप्लिकित' असे लिहीत, म्हणजे गुंडाळी पूर्ण उलगडली, ग्रंथ संपला. आपल्याकडे पेशवे दप्तराचे कागद रुमालांत बांधून ठेवलेले असतात. रुमाल बांधलेला आहे तोवर मजकूर 'इम्प्लिसिट' आणि सोडला की 'एक्सप्लिसिट', असे ज्याच्या मनात एकदा ठसले, त्याच्या हातून या शब्दांची चूक होणार नाही.

विशेष म्हणजे मराठीनेही हा विचार कापडातूनच केला आहे. एखाद्या बोलण्याला 'अनेक पदर आहेत' असे आपण म्हणतो, कोड्याचा 'उलगडा' करतो, आणि 'दुप्पट', 'तिप्पट' यांतला 'पट' हाही माझ्या मते वस्त्राचाच पट आहे. म्हणून 'अस्पष्ट' या प्रतिशब्दाला माझा ठाम विरोध आहे. नऊवारी नेसल्यावर निऱ्यांत गेलेले कापड डोळ्यांना दिसत नाही, पण ते विरले किंवा कमी पडले असे कोणी म्हणत नाही. ते पुरेपूर तेथेच असते, फक्त घडीत असते. अस्पष्ट गोष्टीची कडाच ठरलेली नसते. 'इम्प्लिसिट' गोष्ट मात्र पूर्ण ठरलेली असते, ती फक्त उच्चारलेली नसते.

'इम्प्लिसिट ट्रस्ट' या प्रयोगात तर 'अस्पष्ट'वाल्यांची पुरती फजिती होते. 'आय ट्रस्ट हर इम्प्लिसिटली' याचा अर्थ 'माझा तिच्यावर पूर्ण, निःशंक विश्वास आहे' असा होतो, 'थोडासा, मनातल्या मनात विश्वास आहे' असा नव्हे. त्याचे मूळ ख्रिस्ती धर्मशास्त्रातील 'फिदेस इम्प्लिकिता' या संज्ञेत आहे. सामान्य भाविकाला प्रत्येक सिद्धान्त ठाऊक नसला, तरी त्याची श्रद्धा चर्चच्या श्रद्धेत गुंडाळलेली असते आणि तो सर्व काही न विचारता स्वीकारतो, अशी ती कल्पना होती. त्यातूनच पुढे निःशंकतेचा अर्थ रूढ झाला.

काही विद्वान 'इम्प्लिसिट'ला 'अध्याहृत' हा प्रतिशब्द सुचवतात. त्यांचा अधिकार मान्य करूनही मला हे अजिबात पटत नाही. 'अध्याहृत' यातील 'हृ' म्हणजे आणणे. वाक्यात जे नाही ते बाहेरून आणून घातले की तो अध्याहार होतो. कोणी नुसते 'दार!' म्हणाले तर 'लाव' हे आपण पुरवतो, आणि येथे पुरवला जातो तो शब्द की केवळ अर्थ, यावर मीमांसकांच्या, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांच्या, भाट्ट आणि प्राभाकर या दोन पंथांत मोठा वाद आहे. पण दोघांच्याही मते काहीतरी पुरवावेच लागते. 'इम्प्लिसिट' गोष्ट बाहेरून पुरवायची नसते, आतून उलगडायची असते. दिशाच उलटी असताना प्रतिशब्द कसा जुळेल? त्याऐवजी मराठीत 'अनुस्यूत' हा नितांत सुंदर शब्द आहे. त्यातील 'स्यूत' हे 'सिव्' म्हणजे शिवणे या धातूचे रूप आहे. आपले 'शिवणे' आणि इंग्रजीतील 'सो' हे शिवणकामाचे क्रियापद, दोन्ही एकाच आदिम मुळाची आहेत. लॅटिनने घडी घातली, संस्कृतने टाका घातला. 'या विधानात एक गृहीतक अनुस्यूत आहे' असे जेथे म्हणता येते, तेथे 'इम्प्लिसिट' निर्धास्त वापरावे.

'इम्प्लाइड' हा याच कुळातील सख्खा भाऊ आहे, मात्र कायद्याच्या भाषेत त्याची जोडी 'एक्सप्रेस'शी लागते. भारतीय करार कायदा, 1872 याच्या कलम 9 प्रमाणे शब्दांनी दिलेले वचन 'एक्सप्रेस' आणि शब्दांवाचून दिलेले 'इम्प्लाइड' असते. बसमध्ये चढणारा प्रवासी भाडे देण्याचे वचन तोंडाने देत नाही, तरी ते दिलेले असते, आणि त्यात अस्पष्ट असे काहीही नसते.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. हे विशेषण गृहीतक, टीका, धमकी, संमती, विश्वास अशा भाववाचक नामांना लागते, माणसाला लागत नाही. गोष्ट कशात दडली आहे हे सांगताना पुढे 'इन' येते: 'द क्रिटिसिझम वॉज इम्प्लिसिट इन हिज क्वेश्चन', म्हणजे त्याच्या प्रश्नातच टीका होती. माणूस मोघम बोलत असेल तर त्याला 'व्हेग' म्हणावे. वरिष्ठांना टिपण मोघम वाटले असेल, तर तोच शब्द त्यांनी लिहायला हवा होता. मुद्दा टिपणात होता पण मांडलेला नव्हता, असे म्हणायचे असेल, तर 'युअर मेन पॉइंट इज इम्प्लिसिट, मेक इट एक्सप्लिसिट' हा शेरा बिनचूक ठरला असता.