कार्डातून पैसे गेले? आधी कार्ड बंद करा

घाबरू नका, पण उद्यावरही ढकलू नका. आधी अ‍ॅपमधून किंवा हेल्पलाइनवरून कार्ड ब्लॉक करा. तक्रार क्रमांक वेळेसकट कागदावर लिहा. माझ्या खात्यातून रात्री पावणेबाराला लागोपाठ तीनदा पैसे गेले. तो क्रमांक मी कॅलेंडरच्या मागे लिहिला आणि पुढे शाखेत तोच कामी आला. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनलाही फोन करा.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक वाचाच. चूक ना तुमची, ना बँकेची, आणि मेसेज आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलंत, तर त्यानुसार तुमच्यावर एका रुपयाचाही भार नाही. शिवाय कळवल्यापासून दहा कामकाजी दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल, तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणून तर एकेका मिनिटाला किंमत आहे. तसं झालं असेल तरी लपवू नका, अर्जात खरं तेच लिहा.

शाखेत ‘साहेब जागेवर नाहीत’ म्हणाले, तरी अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. तिथे फी लागत नाही.