नवीन अंगणवाडीत लागलीयस, तर पोरांकडं असं बघ
अगं, तासगावकडं नवीन लागलीयस म्हणून सांगते, घरात आईला मार बसतो ती पोरं तोंडानं सांगत नाहीत पण कळतं. चांगलं बोलणारं पोरगं गप होतं, परत अंथरूण ओलं करायला लागतं, पातेल्याचं झाकण पडलं तरी कानावर हात, आणि पोट दुखतंय म्हणतं पण डॉक्टरला काही सापडत नाही. जे दुसऱ्यांना मारतं त्याला वांड म्हणून कोपऱ्यात बसवू नको, सतत भ्यालेल्या पोराची झोप, लक्ष, शिकणं सगळंच मागं पडतं गं. खोदून विचारू नको, रोज तीच जागा तीच गाणी ठेव, एक भरवशाचं माणूस मिळालं तरी पोरं सावरतात. आईशी एकटीला गाठून बोल, सासूसमोर नको, बायकांच्या मदतीचा १८१ नंबर दे, पोराला धोका वाटला तर पोरांच्या मदतीचा १०९८ लाव. नवऱ्याला जाब विचारायला मात्र जाऊ नकोस, तो राग रात्री तिच्यावरच निघतो.